अर्ध्या श्लोकाचं आरोग्यशास्त्र

‘भोजनान्ते विषं वारि.’ जेवताना पाणी प्यावं की नाही असा विषय निघाला की हे तीन शब्द कुणीतरी टाकतंच. पाठोपाठ आयुर्वेदातल्या वाग्भटाचं नाव येतं, मग पाण्याने जठरातलं आम्ल पातळ होऊन पचन मंदावतं असं सांगत पेटत्या चुलीवर पाणी ओतल्याचा दृष्टांत येतो, आणि भांड्याकडे गेलेला हात मागे येतो. योगवर्गात हे सांगतात, जिममधला ट्रेनर सांगतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी सांगतात. रोज सकाळी सहाला सुविचार पाठवणारे काका तर अधूनमधून आठवणच करून देतात. जेवणाआधी पाऊण तास पाणी नाही, जेवताना नाही, जेवणानंतर दीड तास नाही. नाश्ता, दोन जेवणं आणि मधलं खाणं असा ज्याचा दिवस आहे, त्याने हे तंतोतंत पाळायचं म्हटलं तर पाण्यासाठी वेळापत्रकच आखावं लागेल.

निरोगी माणसासाठी हा सल्ला निराधार आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण तो तयार कसा झाला यात मला जास्त रस आहे, कारण आहाराविषयीचे बहुतेक भंपक सल्ले असेच घडतात. कुठेतरी एक पूर्ण वाक्य असतं. त्यातला सोयीचा तुकडा कापला जातो, त्याला एखाद्या थोर माणसाचं नाव डकवलं जातं आणि उरलेलं वाक्य टाकून दिलं जातं.

पाण्याचा श्लोकच घ्या. तो वाग्भटाचा नाही. चाणक्यनीती म्हणून चालत आलेल्या संग्रहातला आहे. पूर्ण श्लोक असा: ‘अजीर्णे भेषजं वारि जीर्णे वारि बलप्रदम् । भोजने चामृतं वारि भोजनान्ते विषप्रदम् ॥’ अपचन झालं असता पाणी औषध, अन्न पचल्यावर ते बळ देणारं, जेवताना अमृत आणि जेवण संपल्यावर विष. चारातले तीन चरण पाण्याची थोरवी गातात आणि तिसरा तर जेवतानाच्या पाण्याला थेट अमृत म्हणतो. फिरवला जातो तो फक्त चौथा. तोही कशासाठी, तर तिसऱ्याच्या नेमकं उलट सांगण्यासाठी.

आता वाग्भट. सुमारे सातव्या शतकातल्या या वैद्याने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, याच प्रश्नाचं उत्तर एका ओळीत दिलं आहे: ‘समस्थूलकृशा भुक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः’. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो. आठव्या अध्यायात तो पोटाचे चार भाग कल्पतो: दोन अन्नाने भरावेत, एक पेयाने भरावा, चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. चरकाने तीनच भाग केले, पण त्यातलाही एक द्रवासाठीच आहे. अन्नाबरोबर काय प्यावं याची ‘अनुपान’ म्हणून वेगळी चर्चा या ग्रंथांत आहे. म्हणजे ज्याच्या नावावर जेवतानाचं पाणी बंद केलं जातं, त्या वैद्याने पोटाचा पाव हिस्सा पेयासाठी राखून ठेवला होता.

आणि घरातली रीत? आपोष्णी घेणारा माणूस जेवायला बसला की तळहातावर पाणी घेऊन ‘अमृतोपस्तरणमसि’ म्हणत ते पितो आणि जेवण संपताना ‘अमृतापिधानमसि’ म्हणत पुन्हा पितो. तांब्या-भांडं ठेवल्याशिवाय पान मांडून झालं असं कुणी म्हणत नसे. जेवणाच्या शेवटी काय प्यावं, या जुन्या कोड्याचं ‘तक्रं शक्रस्य दुर्लभम्’ हे उत्तर आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. त्या ताकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिजलेल्या भातात साधारण दोन तृतीयांश पाणी, आमटीत आणि कढीत त्याहून बरंच जास्त. पाणी वर्ज्य करून वाटीभर सोलकढी पिणाऱ्याच्या पोटाला यातला फरक कसा कळतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अर्थात, श्लोक पुरा म्हटला म्हणून तो खरा ठरत नाही. पोटात काय घडतं हे कळायला पोटातच डोकवावं लागतं, आणि तशी संधी एका डॉक्टरला दोनशे वर्षांपूर्वी मिळाली होती. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर, कातड्यांच्या व्यापाराच्या ठाण्यात, अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कॅनेडियन कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम पुरती बुजली नाही. कातडीतून थेट जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. पुढे काही वर्षं बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून काढून पाहिले. जाठररस बाटलीत काढून घेतला, तो उबदार ठेवला आणि त्यात अन्न शरीराबाहेरही विरघळतं हे दाखवलं. एका गरीब, निरक्षर माणसाच्या अडचणीचा यात केवढा फायदा घेतला गेला, हा वेगळा आणि अस्वस्थ करणारा विषय आहे. सेंट मार्टिन १८८० साली वारला, तेव्हा प्रेत डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनी पुरण्याआधी ते मुद्दाम कुजू दिलं. बोमाँटने १८३३ साली आपली निरीक्षणं छापली. त्यांत एक नोंद अशी की पाणी आणि बहुतेक पातळ पदार्थ जठरात रेंगाळत नाहीत, लवकरच पुढे जातात.

नंतरच्या मोजमापांनी तेच सांगितलं. रिकाम्या पोटी प्यायलेलं निम्मं पाणी साधारण पंधरा-वीस मिनिटांत जठराबाहेर पडतं. पोटात अन्न असलं तरी पाणी बऱ्याच अंशी त्याच्या कडेने वाट काढतं. राहिला प्रश्न आम्ल पातळ होण्याचा. आम्लता सामूवर (pH) मोजतात आणि सामूचं मोजमाप दहाच्या पटीत चालतं. सामू एका अंकाने चढवायचा तर आम्ल दहापट पातळ करावं लागतं. जठरात जेवढा रस आहे तेवढंच पाणी त्यात मिसळलं, तरी सामू ०.३ च्या आसपासच हलतो. रिकाम्या पोटी पेलाभर पाणी प्यायल्यावर सामू लगेच चढतो हे निरोगी माणसांत मोजलेलं आहे, आणि तो काही मिनिटांतच परत खाली येतो हेही. खरी आम्लता कमी करतं ते अन्न. उपाशीपोटी दीड-दोनच्या घरात असलेला सामू जेवल्यावर चार-पाचपर्यंत जातो. मग जेवूही नये काय?

यानंतर जे होतं ते चुलीच्या दृष्टांतात बसत नाही. जठराच्या भिंतीतल्या पेशींना आत काय चाललंय ते कळतं, गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि आम्ल पुन्हा पाझरू लागतं. पाणी पडल्यावर चूल स्वतःहून लाकूड पुढे सारत नाही, जठर सारतं. लाळ, जाठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्यातले स्राव असं सगळं मिळून शरीर स्वतःच दिवसाला सात लिटरच्या आसपास द्रव अन्नमार्गात ओतत असतं. जठरातून पुढे गेल्यावर लहान आतड्याच्या तोंडाशी तर शरीर ते आम्ल मुद्दाम मारतं, कारण बरंचसं पचन तिथे व्हायचं असतं आणि तिथल्या रसांना आम्ल चालत नाही.

याच जातकुळीचा दुसरा निरोप म्हणजे जेवणानंतर गार पाणी प्यायलं की तेल पोटात गोठतं, आतड्यांना चिकटतं आणि कॅन्सर होतो. गार पाणी पोटात थोड्याच वेळात अंगाच्या तापमानाला येतं. शिवाय डिसेंबरात बरणीतलं थिजलेलं तूप आपण चमच्याने कोरून पोळीवर घेतोच. उभ्याने पाणी प्यायल्याने गुडघे जातात यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

‘पण मला जेवताना पाणी बंद केल्यापासून हलकं वाटतं’ असं प्रामाणिकपणे सांगणारे भेटतात. त्यांना खोटं पाडायचं कारण नाही. घास न चावता पाण्याबरोबर ढकलणारा माणूस पाणी सोडल्यावर सावकाश जेवू लागतो आणि त्याला बरं वाटतं. कोल्ड्रिंक सोडलं असेल तर आणखीच बरं वाटेल. ज्याला त्रास होतो त्याने जेवताना कमी प्यावं, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र स्वतःच्या पोटाचा अनुभव शेजाऱ्याच्या पोटाला नियम म्हणून लावताना शास्त्राचं नाव घेतलं, की मग पुरावा मागायचा हक्क शेजाऱ्याला मिळतो.

कापाकापी फक्त संस्कृत श्लोकांची होते असं समजू नका. रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, हा उलट्या दिशेचा सल्ला अमेरिकेतून आला आणि त्याचीही हीच कथा आहे. १९४५ साली तिथल्या अन्न आणि पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं. लगेच पुढे हेही म्हटलं की यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं तिथेच राहिलं. हाइन्झ व्हॅल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ साली या आठ ग्लासांचा माग काढला, तेव्हा निरोगी, घरबैठं काम करणाऱ्या माणसांसाठी या आकड्यामागे त्याला भक्कम आधार सापडला नाही. जास्त पाणी नेहमी निरुपद्रवी असतं असंही नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीकडे घसरलेलं निघालं, आणि त्याचा सगळ्यांत पक्का संबंध दिसला तो शर्यतीत वजन वाढेस्तोवर पाणी पिण्याशी.

मग तिसरी कापणी, संशोधनाची. जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायल्याने वजन उतरतं, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यामागे खरे अभ्यास आहेत. अमेरिकेत २०१० साली ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. पाणी पिणाऱ्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दोन किलोने जास्त उतरलं. इंग्लंडात २०१५ साली ८४ लठ्ठ प्रौढांवर तसाच प्रयोग झाला, तिथे फरक १.३ किलोचा होता. व्हिडिओत जे गळतं ते असं: अमेरिकेतल्या प्रयोगात दोन्ही गट मोजक्या उष्मांकांच्या आहारावर होते, आणि जेवणाआधीच्या पाण्याने कमी खाल्लं जाण्याचा परिणाम वयस्कांत दिसला असला तरी तरुणांत तसा दिसला नव्हता. इथे मोह होतो तो ‘पाहा, आधी पिणारा कृश होतो हे वाग्भटाने तेराशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं’ असं म्हणण्याचा. तो आवरलेला बरा. त्याच ओळीत जेवणाच्या शेवटी पिणारा स्थूल होतो असंही आहे आणि त्याला आधार मिळालेला नाही. लागलेला बाण तेवढा दाखवायचा आणि हुकलेला लपवायचा, हे पुन्हा श्लोक कापणंच झालं.

सगळ्यांत धोक्याची कापणी मात्र रुग्णाचं नाव कापण्याची. जेवताना पाणी पिऊ नका, हा सल्ला काही माणसांसाठी अगदी बरोबर असतो. लठ्ठपणासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना डॉक्टर जेवण आणि पाणी यांत अंतर ठेवायला सांगतात. छातीत जळजळ होऊन अन्न वर येणाऱ्यांना, दोन घासांत पोट गच्च होणाऱ्यांना एका वेळी पोटात जाणारं एकूण प्रमाण कमी ठेवल्याने आराम पडतो. डायलिसिसवरच्या आणि हृदय कमजोर झालेल्या रुग्णाचं दिवसभराचं पाणीच मोजून ठरवलेलं असतं. उलट ज्याला मूतखडा होऊन गेलाय त्याला भरपूर पाणी पिणं हे औषधच आहे. इटलीत पाच वर्षं चाललेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना खडा पुन्हा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. दवाखान्यात एका माणसाला दिलेला सल्ला घरी येतो, घरातून सोसायटीत जातो, आणि तिसऱ्या दिवशी तो कुणासाठी होता हे कुणालाच आठवत नाही.

एवढ्याने काय बिघडतं, असं विचारणारे असतील. जेवताना पाणी न प्यायल्याने कोणी मरत नाही, खरं आहे. पण मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात सत्तरीच्या आजींचा विचार करा. वयाने तहान मंदावलेली असते, रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणी टाळतात, आणि जेवणाचे दोन-तीन तास आपण निषिद्ध ठरवून टाकले. अशा माणसाचं सगळ्यांत सोयीचं, सवयीचं पाणी हे जेवतानाचंच असतं. ते गेलं की बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, उन्हात चक्कर येणं यांना रान मोकळं.

दुसरं बिघडतं ते बाजारात. साध्या पाण्याने जठरातलं आम्ल पातळ होतं म्हणून घाबरवणारे काही जण त्याच दमात अल्कलाइन पाण्याचं यंत्र विकतात, साखळी पद्धतीने, लाखाच्या घरातल्या किमतीला. साधं पाणी आम्ल पातळ करतं म्हणून वाईट आणि आम्लाला थेट मारू पाहणारं पाणी मात्र उत्तम, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून एकाच बैठकीत निघतात आणि समोरचा माणूस हप्ते किती ते विचारतो. (जठर दोन्ही पाण्यांची सारखीच वाट लावतं, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.)

यावर विज्ञानवाल्यांना नेहमीचा टोमणा ऐकावा लागतो: तुमचंही रोज बदलतं, काल अंडं वाईट होतं, आज चांगलं झालं. बदलतं, हे मान्यच आहे. अमेरिकेच्या आहारमार्गदर्शनात कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वर्षानुवर्षं होती आणि २०१५ पासूनच्या आवृत्तीत ती काढली गेली. पण ते कुणी केलं, कधी केलं, कुठल्या पुराव्यावर केलं हे उघड आहे आणि त्यावर भांडता येतं. आपल्याकडे ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घरोघरी रंगला, दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खायचं यावरून. कुणाचं पटो न पटो, दोघेही स्वतःच्या नावाने बोलत होते, त्यांना प्रश्न विचारता येत होते. फॉरवर्डला ना तारीख असते ना पत्ता.

नियमांकडून मला फार आशा नाही. जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला की आरोग्य आणि पोषणाबद्दल सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता जाहीर करावी. केलं ते योग्यच, पण ते जाहिरातीपुरतं आहे. सकाळच्या सुविचाराला ते लागू होत नाही. आणि पदवीधरही श्लोक कापतात. माझी अपेक्षा वेगळ्या लोकांकडून आहे. महाराष्ट्रात आयुर्वेद महाविद्यालयं कमी नाहीत, संहिता शिकवणारे प्राध्यापक आहेत, २०१४ पासून आयुषचं स्वतंत्र केंद्रीय मंत्रालयही आहे. वाग्भटाच्या तोंडी त्याने न म्हटलेलं वाक्य घातलं जातं तेव्हा पहिला आक्षेप ॲलोपॅथीच्या डॉक्टरने का घ्यावा? तो वैद्यांनी घ्यायला हवा. काही जण घेतातही, अध्याय आणि श्लोक क्रमांकासकट. पण बाकीचे गप्प राहतात, कारण चुकीच्या वाक्याने का होईना, नाव आपल्या शास्त्राचंच होतंय असं त्यांना वाटत असावं.

दरम्यान, जेवणाबरोबर काय पिऊ नये याचं एक खरं उत्तर कुणाच्याच फारसं कानावर पडत नाही. ते पेय म्हणजे चहा. चहातल्या टॅनिनमुळे डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेल्या आहारमार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. पानात डाव्या बाजूला वाढलेली लिंबाची फोड पिळली तर तेच लोह जास्त शोषलं जातं. पोळी-भाजीचा डबा संपवून लगेच टपरी गाठणाऱ्या बाईला हे सांगायला कुणी श्लोक रचलेला नाही आणि त्यासाठी विकायला यंत्रही नाही. आशाताई लोहाच्या गोळ्या वाटतात तेव्हा एवढं एक वाक्य त्यांच्याकडून घरोघरी जाऊ शकतं: ही गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, पाण्याबरोबर घ्यायची.